बंपरच्या भेगेतली बांगडी

आई,

तुझ्या स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास यायचा आणि मला त्याची किळस यायची, हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. बादली तडकली तरी तू नवी आणायची नाहीस. चुलीत जुनी सुरी खुपसून ठेवायचीस, ती लाल झाली की फडक्याने धरून बाहेर काढायचीस, आणि फुटक्या मगाचा एखादा तुकडा भेगेवर दाबून त्यावरून ती सुरी हळूहळू फिरवायचीस. चर्र आवाज व्हायचा, काळा धूर कौलांपर्यंत चढायचा. चुलीच्या बाजूच्या वायनावर पेज रटरटत असायची, तिलाही तो वास लागायचा. मी वाडगं बाजूला सारलं की तू म्हणायचीस, "गप जेव गो. वासाने कोण मरत नाही." ती बादली मग आणखी दोन-तीन वर्षं चालायची, पण तिच्या पोटावर काळपट वण राहायचा, आणि विहिरीवर पाणी भरताना मी तो वण माझ्या अंगाच्या बाजूला फिरवून धरायचे, म्हणजे दुसऱ्या बायकांना दिसू नये.

तुला जाऊन अठरा वर्षं झाली. आता तो वास माझ्याच केसांना येतो. डोक्यावरून पाणी घेतलं तरी जात नाही. मी घरी बसून स्कूटरची तडकलेली पॅनेलं, रिक्षांचे मडगार्ड, गाड्यांचे बंपर जोडून देते. तुला हे ऐकून हसू आलं असतं. सुरी चुलीत तापवणारी तू, आणि तुझी पदवीधर लेक मागच्या पडवीत सोल्डरिंगची गन घेऊन बसलेली. पण हे पत्र मी तुला हसवायला लिहीत नाही. मला तुझा राग आलाय. राग म्हणजे तरी काय, मला शिसारी आली आहे. दादाची आली, माझी आली, आणि खोलात जाऊन बघितलं तर तुझीही आली. मेलेल्या माणसाची शिसारी येणं बरोबर आहे का, मला माहीत नाही. पण आली आहे खरी.

शेजारच्या काकांची मोपेड तुला आठवते का? मी सातवीत होते, दादा अकरावीत. काका मुंबईला लेकीकडे गेले होते आणि मोपेडची किल्ली त्यांच्या म्हाताऱ्या गड्याकडे होती. 'काकांनी सांगितलंय' असं खोटं सांगून दादाने त्याच्याकडून किल्ली घेतली, आणि उतारावरच्या वळणावर गाडीसकट आडवा झाला. त्याला खरचटलं फक्त. मोपेडच्या बाजूचं प्लास्टिकचं कव्हर मात्र उभं तडकलं. बाबा तेव्हा बोटीवर होते. तू ते कव्हर रुपयाच्या नाण्याने स्क्रू फिरवून काढलंस, घरात आणलंस आणि चुलीत सुरी घातलीस. मी दाराशी उभी होते. तू आतून कव्हर सांधलंस, बाहेरून खरवडून सारखं केलंस, आणि मग बाबांच्या बुटांचं काळं पॉलिश बोटाने चोळलंस. मी विचारलं, "काकांना सांगायचं नाही का?" तू हात पुसलास, उठलीस आणि माझ्या कानाखाली दिलीस. एकच. मग अगदी शांत आवाजात म्हणालीस, "बहिणीने झाकायचं असतं. उघडं पाडायला बाहेरचे लोक आहेत."

आणि दोन दिवसांनी तू मला छत्री आणून दिलीस, दुमडायची, निळी, दांड्याला बटण असलेली. वर्षभर मागत होते ती. तेव्हा मला वाटलं, मारल्याचं तुला वाईट वाटलं म्हणून आणलीस. त्या छत्रीखाली मी तीन पावसाळे गप्प चालले.

मोपेडचं कव्हर महिन्याभरातच पुन्हा उघडलं. तुझा सांधा बादलीचा होता, गाडीच्या हादऱ्यांना तो पुरला नाही. काकांनी साहजिकच गड्याला धरलं, कारण किल्ली त्याच्याकडे होती. तो म्हातारा त्यांच्या दारातल्या खळ्यात उभा राहून सांगत होता, "मी हात पन लावलेला नाय," आणि पुढे बोलला नाही. दादाचं नाव का घेतलं नाही त्याने? घेतलं असतं तर कुणी मानलं नसतं म्हणून? की तुझ्याकडे बघून? तू आपल्या ओटीवर तांदूळ निवडत होतीस आणि मान वर केली नाहीस. त्याचं काम सुटलं. संध्याकाळी तू पदराखाली तांदूळ घेऊन त्याच्या घरी गेलीस. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा मोकळा होता, देवळातून आल्यासारखा. त्या मोकळ्या चेहऱ्याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. चार वर्षांपूर्वी बाजारात माझी स्कूटर उभ्या उभ्या पडली आणि पुढचं पॅनेल फुटलं. शोरूममधला माणूस म्हणाला, अख्खं पॅनेल बदलावं लागेल, जोडून मिळत नाही. मी घरी आले, मोबाइलवर बघितलं, आणि मला तुझी सुरी आठवली. मग शिकत गेले. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मागच्या बाजूने खाच पाडायची, खिडकीला लावतात तसली स्टीलची जाळी कापून वितळलेल्या प्लास्टिकमध्ये बसवायची, आणि वरून त्याच जातीचं प्लास्टिक भरायचं. जात बघावी लागते, पार्टच्या पाठीवर छापलेली असते. स्कूटरच्या पॅनेलला स्कूटरच्याच पॅनेलचा तुकडा लागतो, बंपरला बंपरचा. तू कशालाही काहीही चिकटवायचीस, म्हणून ते सुटायचं. बंपरचं प्लास्टिक वितळताना मेणबत्तीसारखा वास येतो, सोसवतो. पॅनेलचा वास घशात बसतो, खोकला येतो. आता कॉलेजच्या मुली येतात, रिक्षावाले येतात. हे सकाळच्या एसटीने लांज्याला कामावर जातात, मुलगा पुण्याला आहे. घर रिकामं असतं आणि हाताला काम असतं. मला ते आवडायला लागलं होतं.

गेल्या वर्षी, आंब्याचा हंगाम चालू असताना, एका मंगळवारी सकाळी साडेअकराला दादाची पांढरी गाडी माझ्या अंगणात शिरली. ऑफिसच्या वेळेला तो कधी येत नाही. तो आता मोठा साहेब आहे, आई. शिपाई त्याची बॅग उचलतो. त्याने गाडी थेट मागच्या बाजूला घेतली आणि तोंड भिंतीकडे करून लावली. उतरून म्हणाला, "अगं, काल देवरूखहून येताना गडग्याला घासली जरा. तू ते जोडतेस ना, तेवढं करून दे. गॅरेजवाले चार-चार दिवस गाडी अडकवतात."

मी वाकून बघितलं. बंपरच्या डाव्या कोपऱ्याला, दिव्याच्या खाली, वीतभर भेग होती. तिच्या भोवती आणखी तीन-चार बारीक चिरा फुटलेल्या. मी त्याला चहा आणि काल केलेले घावणे दिले, तो ओटीवर जाऊन बसला, आणि मी चाकांजवळचे स्क्रू काढून, वरच्या क्लिपा सोडवून बंपर उतरवला. पडवीत गोणपाटावर उलटा ठेवला. काम सुरू करायच्या आधी मी प्रत्येक पार्ट साबणाच्या पाण्याने धुते, पण तेव्हा धुवायला हात पुढे जाईना. काहीतरी चुकत होतं.

गडग्याला घासलेले बंपर मी किती जोडले असतील! आपल्याकडचे गडगे, रस्त्याकडेच्या त्या बुटक्या भिंती, लाल चिऱ्याचे. त्याला घासलं की प्लास्टिकवर ओरखडे उठतात आणि त्यांत लाल माती भरते, ती ब्रशनेही सहज निघत नाही. या बंपरवर एक ओरखडा नव्हता. लाल रंग तर नावाला नव्हता. कडक वस्तूला आपटलं तर प्लास्टिकचा टवका उडतो. इथे टवका नव्हता, ते आत दाबलं गेलं होतं, मऊ आणि जड काहीतरी आदळल्यासारखं. मी भेग दोन्ही अंगठ्यांनी थोडी उघडली. प्लास्टिकला धक्का बसला की ते क्षणभर उघडतं आणि लगेच मिटतं, आणि मिटताना जे सापडेल ते धरून ठेवतं. भेगेत जांभळ्या साडीचे चार-पाच धागे होते. आणि आत, खोल, हिरव्या बांगडीचा तुकडा.

मी तो चिमट्याने काढला. बोटाच्या पेराएवढा. तो तळहातावर घेऊन मी ओटीवर गेले. दादा घावणा दुधात बुडवत होता.

"दादा, गडगा बांगड्या घालतो का रे?"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. तोंडातला घास गिळला. मला वाटलं, आता तो रडेल, किंवा ओरडेल. त्याने फक्त वाटी खाली ठेवली. "तिचीच चूक होती," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेला वाकून काय करत होती, संध्याकाळच्या वेळेला? मी आरशात बघितलं. उठून बसली होती."

"थांबला नाहीस?"

"थांबलो असतो तर लोकांनी फोडला असता मला. तुला काय कळतंय? बढतीची यादी निघायचीय या महिन्यात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आई असती तर एवढं विचारलं नसतं तिने."

आई, त्याचं खरं होतं. तू विचारलं नसतंस. आणि तुला वाटेल, तुझ्या लेकीने तेव्हा तो बंपर उचलून त्याच्या अंगावर टाकला असेल. मी तसं केलं नाही. पडवीत परत गेले आणि गन चालू केली. मी नाही म्हणू शकत होते. कुणी माझा हात धरला नव्हता. पण बावन्न वर्षांच्या बाईला आपल्या भावासमोर एकाएकी बारा वर्षांची झाल्यासारखं वाटतं, आणि कानाखाली परत ते गरम वाटतं, आणि ती खाली मान घालून कामाला लागते. मी धागे ओढून काढले. भोकं पाडली, खाच पाडली, जाळी बसवली. मेणबत्तीचा वास आला, आणि त्या दिवशी मला तो सोसवला नाही. मी मधेच उठून मोरीत ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. पुट्टी भरली, पाणी लावून पॉलिश कागदाने घासलं, वाळवलं, प्रायमर मारला, पांढरा रंग तीन हात मारला. दुपार सरली. दादाने भेगेच्या जागेवरून बोट फिरवलं, मग उलटं फिरवलं. "कळत पण नाही गं," तो म्हणाला, आणि लहानपणी हसायचा तसं हसला. बांगडीचा तुकडा कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही. तो मी हळदीकुंकवाच्या डबीत टाकला होता.

तीन दिवसांनी एक रिक्षावाला त्याचं मडगार्ड न्यायला आला. नेहमीचा, बडबडा माणूस. यायला उशीर का झाला, हे मी विचारायच्या आत तो स्वतःच बोलत सुटला. "मला यायला जमलं नाही काकू. सोमवारी हातखंब्याच्या अलीकडे एका बाईला गाडीने उडवली. मी भाडं सोडून रिकामा येत होतो. लोक नुसते उभे. मीच उचलून रिक्षात घातली न् सरकारी दवाखान्यात आणली. पोलिसांना जबाब देता देता तीन दिवस गेले. पांढरी गाडी होती एवढंच तिला आठवतं."

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"आहे. पण मांडीचं हाड मोडलंय, हात मोडलाय." तो मडगार्ड उन्हात धरून माझा सांधा शोधत होता. "वा काकू!" तो म्हणाला.

म्हणजे ती उठून बसली नव्हती. मांडी मोडलेली बाई उठून बसत नाही. दादाने आरशात काही बघितलंच नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. काय करायला गेले, ते मला माहीत नव्हतं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. पन्नाशीची, काटक बाई. पाय वजन लावून टांगलेला, डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. डाव्या हाताची फक्त बोटं दिसत होती, सुजलेली. मी एखाद्या महिला मंडळाची असेन असं तिला वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं. देवरूखच्या बाजूला डोंगरात तिचं गाव. नवरा मुंबईला गिरणगावात वॉचमन. हंगामात ती इकडे बागेत आंबे भरायच्या कामाला यायची. संध्याकाळी काम आटोपून येताना वाटेत मिळाल्या तेवढ्या काटक्या गोळा करून डोक्यावर घेतल्या होत्या. भारा सुटला म्हणून ती कडेला वाकून उचलत होती.

"काय झाला ता मला समाजलाच नाय, बाय," ती म्हणाली. "मागनं आला न् आडवी केली. मी आरडलू पन. गाडी जरा हलू झाली. मला वाटला, थांबला. मग गेला."

तर गाडी हळू झाली होती. दादाने ब्रेकवर पाय ठेवला होता, आणि काढला होता. ते तिने कसल्याही रागाशिवाय सांगितलं, एखादी एसटी थांब्यावर न थांबता गेली असं सांगावं तसं. तिला चिंता वेगळीच होती. डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या होत्या आणि प्लास्टर असेपर्यंत नव्या भरता येत नव्हत्या. नवऱ्याला काही होईल का, हे ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हटलं, काही होत नाही. तिने उशाखालून बिस्किटांचा पुडा काढला, एका हाताने उघडला आणि माझ्यापुढे धरला. "खा. उन्हातनं इली असशीला."

मी खाल्लं. दोन खाल्ली. तिच्या हातातून बिस्कीट घेऊन, तिच्यासमोर चावून गिळलं, आणि तोंड उघडून खरं बोलले नाही. आई, तुझ्या पदराखालच्या तांदळांपेक्षा मी खालच्या पायरीवर गेले होते. तू निदान द्यायला गेली होतीस.

तिथून सरळ दादाकडे गेले. तो अंगणात पाइप धरून गाडी धूत होता. वहिनीने चहा आणला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तू स्वतः पोलिसांत जा. उद्या दुपारपर्यंत. नाही गेलास तर मी जाईन."

वहिनी कपबशा तशाच हातात धरून म्हणाली, "तुम्ही काय बोलताय वन्सं? घरातली माणसं आहोत आपण." दादाने पाइप बंद केला. तो रागावला नाही. मला समजावू लागला, अगदी प्रेमाने. त्या बाईला पाकिटातून काहीतरी पोचवू, कुणी दिलं ते कळणार नाही. चांगलं घसघशीत पाठवू. तिचंही भलं होईल, केस करून तिला काय मिळणार आहे? बोलता बोलता त्याचा चेहरा उजळत गेला. हाच चेहरा, आई. तांदूळ देऊन आलेला. तुझं नाक, तुझे डोळे, आणि तोच मोकळेपणा.

"तू ब्रेक दाबला होतास," मी म्हटलं. "आणि सोडलास."

तो वळला. गाडीच्या काचेवरचं पाणी फडक्याने पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत वाट बघितली. मग डबी पर्समध्ये टाकून पोलीस ठाण्यात गेले. बांगडीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बंपर मीच जोडला, धागे मीच फेकले, तेही सांगितलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "माहीत असून जोडलात?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ लिहीत राहिले. त्यांनी मला धीर दिला नाही की शिव्याही दिल्या नाहीत, आणि ते मला बरं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दादावर केस झाली. बढतीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही, पुढे त्याला घरी बसवलं आहे. मलाही तारखांना जावं लागतं. वकील म्हणतात, स्वतःहून सांगितलंत त्याचा विचार होईल. होईल तेव्हा होईल. वहिनीने एकदाच फोन केला, "आईंच्या आत्म्याला काय वाटत असेल," एवढं म्हणून ठेवला. ह्यांनी एक शब्द विचारला नाही, फक्त तारखेच्या दिवशी रजा टाकून बरोबर येतात. त्या बाईला मी खरं सांगायला गेले, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. बरोबर केलं तिने. आता ती काठी घेऊन चालते. बागेतलं काम तिला जमत नाही. नवरा मुंबई सोडून गावी आलाय, असं रिक्षावाल्याकडून कळलं.

आणि मी अजूनही पॅनेलं जोडते. सोडून द्यावं असं वाटलं होतं, महिनाभर गनला हात लावला नाही. मग एक मुलगी पडलेली स्कूटर ढकलत दारात आली, आणि मी गोणपाट अंथरलं. आता पार्ट हातात घेतला की आधी विचारते, कशाला आपटली? आणि सांगतील ते ऐकत असताना भेगेत बघते. काही लोक चिडून परत नेतात.

एवढं लिहून मी थांबणार होते. हे पत्र कुणाला वाचायला द्यायचं असतं, तुलासुद्धा, तर इथेच थांबले असते, कारण इथवर मी तशी बरी दिसते. पण हे कुठे जाणार नाही, गोणपाटांच्या खालीच राहणार आहे, तर लिहून टाकते.

पंचनाम्याच्या दिवशी हवालदार दादाच्या अंगणात गाडीसमोर उकिडवे बसले. सकाळची वेळ, लख्ख ऊन. मी सांगितलं होतं, डावा कोपरा, दिव्याच्या खाली. त्यांनी बघितलं, बोट फिरवलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "ताई, इथे तर काही दिसत नाही," ते म्हणाले. "नक्की हीच गाडी?" दारात वहिनी होती. दादा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत आशा होती. दोन पावलं पुढे जाऊन जागेवर बोट ठेवायचं आणि मागून जाळी दाखवायची, एवढंच काम होतं. नंतर मी ते केलंही. पण लगेच केलं नाही. हवालदारांनी परत वाकून शोधलं, नखाने खरवडून बघितलं, मान हलवली, आणि मी हाताची घडी घालून उभी राहिले. दादाला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं, आणि त्या बाईचा तर मला विसरच पडला होता. मी जोडलेला सांधा पोलिसालासुद्धा सापडत नव्हता, आणि आई, मला फार छान वाटत होतं.